मारण्याआधी विचारायचं

भाऊ, तू गेल्यापासून भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल दोनच गोष्टी बोलतात. जळालेली मोटर तुझ्या हातात दिली की ती पुन्हा पाणी ओढायला लागायची, ही एक. आणि तू बहिणीच्या नवऱ्याचा हात मोडलास, ही दुसरी. पहिली मोठ्यानं बोलतात. दुसरी ओसरीच्या कडेला, मी चहाचे कप घेऊन आत वळले की.

दुकानाच्या मागच्या खोलीत आपण काय करायचो, ते मात्र कुणीच काढत नाही. रफिकभाई आणि गंगाधर सर सोडले तर ते कुणाला नीट माहीतही नव्हतं. तीर्थपुरीत अर्ध्या लोकांना वाटायचं आपण तिथं पत्ते खेळतो, आणि लग्नाची पोरगी भावाच्या दोस्तांत बसून पत्ते खेळते म्हणून आईला नावं ठेवायचे. आईलाही तू कधी धड समजावून सांगू शकला नाहीस. "गोष्ट सांगतो, आई. चौघं मिळून एक गोष्ट सांगतो," म्हणायचास. आई म्हणायची, "मंग गोष्टीत एवढं भांडता कशाला?"

भांडायचो हे खरं होतं. आणि बहुतेक वेळा हत्यारांवरून.

पुण्याहून डिप्लोमाची शेवटची परीक्षा देऊन तू परत आलास, तेव्हा बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. तुझ्या पिशवीत कपड्यांखाली एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स होती. वसतिगृहातल्या कुणाच्या तरी परदेशातल्या भावानं पाठवलेलं पुस्तक, त्याची प्रत, त्या प्रतीची पुन्हा प्रत. अक्षरं राखेसारखी झालेली. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. तू मला ओसरीवर बसवून सांगितलंस, "सुनी, यात पट न्हाई, सोंगट्या न्हाईत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. मी म्हणलो, वाटेत दरोडेखोर उभा राह्यलाय. तू सांगायचं, तू काय करतीस."

"पळून जाते."

"जमलं का पळायला?"

"ते कोण ठरवणार?"

तू खिशातून मूठभर चिंचोके काढलेस. उभे फोडलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. पुस्तकात म्हणे बारा-बारा, वीस-वीस बाजूंचे फासे लागायचे. तू जालन्यातलं एकही दुकान सोडलं नव्हतंस. शेवटी चिंचोके. पांढरी बाजू वर पडेल तितकं नशीब. मी फेकले. सगळे काळे पडले. "पडलीस," तू म्हणालास, आणि बाबा गेल्यानंतर तुला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मोटर रिवाइंडिंगचं दुकान तू त्याच उन्हाळ्यात टाकलंस. पुढं दुकान, मागं पत्र्याच्या दाराची खोली, तिच्यामागं लिंबाचं झाड. रविवारी दुपारी बाजार पांगला की शटर अर्धं खाली घ्यायचास. समोरच्या दुकानातले रफिकभाई शिलाई मशीन झाकून यायचे. गंगाधर सर सायकलवरून यायचे, डबा घेऊन, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेचे मास्तर असूनही त्यांना रविवारी घरी कुणी जेवू घालत नाही असं ते म्हणायचे. चौथी मी. तू गोष्ट सांगणारा. रफिकभाई एक म्हातारा शिलेदार, सर एक वैदू, आणि मी कृष्णी, गोदावरीवर नाव चालवणारी. तू उभं केलेलं ते राज्य कुठल्याच इतिहासात नव्हतं, पण नद्या आपल्याच होत्या.

पुस्तकातल्या मारामारीवर तू पहिल्याच महिन्यात चिडलास. तिथं प्रत्येकाला जिवाचे आकडे होते. तलवार बसली की काही कमी व्हायचे, रात्री झोपलं की सकाळी परत भरायचे. "झोपून उठला की बरा?" तू ती पानं माझ्यापुढं आपटलीस. "बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, ते झोपून भरलं का?" बाबा विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले तेव्हापासून ते जाईपर्यंत, कॉलेज बुडवून घरी राहून, तूच त्यांना कुशीवर वळवायचास. त्या रविवारी तू पत्र्याच्या दाराच्या आतल्या बाजूवर खडूनं पहिला नियम लिहिलास. जखम झाली तर ती गोष्ट संपेपर्यंत राहणार. लंगडा झाला तो लंगडतच पुढं जाणार.

मग तुला तो नादच लागला. लिंबाला सरकीनं भरलेलं पोतं टांगलंस आणि आम्हाला एकेक करून काठी हाणायला लावलीस. किती वेळानं हात भरून येतो, दम लागल्यावर काठी किती वर जाते, हे तू बारकाईनं पाहायचास. तलवारीनं दिवसभर लढणारे वीर तुझ्या दारावरून पुसले गेले. भाला लांब असतो म्हणून पहिला वार त्याचा, हे पुस्तकातही होतं. पण घरात शिरल्यावर काय? रफिकभाईंना तू एक लांब बांबू दिलास आणि खोलीत झटापट करायला लावलीस. बांबू चौकटीत अडकला, फिरवताना वरचा दिवा फुटला आणि काचा सरांच्या डब्यातल्या पिठल्यात पडल्या. "लिहा," सर शांतपणे म्हणाले, "घरात भाला आणणाऱ्यानं दुसऱ्याच्या जेवणाचा खर्चा द्यायचा." त्या दिवशी आपण चौघं किती हसलो. आईनं घरून माणूस पाठवला, काय झालं बघायला.

माझं-तुझं पहिलं खरं भांडण बायकांच्या ताकदीवरून झालं. पुस्तकात लिहिलं होतं की बाईची ताकद पुरुषापेक्षा कमी धरायची, आणि बाकी सगळं खोडणाऱ्या तू ते तसंच ठेवलं होतंस. कृष्णीला काठी हाणताना एक मूठ चिंचोके कमी मिळायचे. मी म्हणाले, "का?"

"असतीच की कमी."

"ऊसतोडीला बाया येतात त्यांच्या हातात दिवसभर काय असतं? कोयताच ना? उद्या फडात जा आणि तिथल्या एका बाईबरोबर पंजा लाव."

"मारामारी येगळी, सुने."

"पोतं टांगलंय तिकडं. चल."

आधी मी काठी हाणली, मग तू. दोघांत फरक होताच, पण तुला वाटला होता तेवढा नव्हता. रफिकभाई म्हणाले, "सुनीबाईचा वार बराबर बसतो. तुझा हवेतच जास्ती फिरून राह्यलाय." पुढच्या रविवारी मी आले तर दारावर तो नियम नव्हता. त्याच्या जागी होतं, की आयुष्यभर जे काम केलं असेल त्यावरून अंगात ताकद धरायची. नाव चालवणारीचे दंड, शिंप्याची बोटं. भाऊ, आयुष्यात पुष्कळ लोकांनी माझी समजूत घातली. माझं ऐकून स्वतःचं लिहिलेलं पुसणारा माणूस मी एकच पाहिला. हे तुला कधी म्हणाले नाही.

विचारण्याचा नियम मात्र सरांमुळं झाला. एका डावात रफिकभाईंच्या शिलेदारानं वाटेत उगाच एका धनगराला कापलं. वेळ जात होता, त्यांना पुढं जायचं होतं, चिंचोके चांगले पडले, झालं. सरांनी हातातले चिंचोके खाली ठेवले. "का मारला?" त्यांनी विचारलं. रफिकभाई हसून म्हणाले, "खेळात आहे, सर." सर म्हणाले, "मी लहान होतो तवा आमच्या वस्तीत काठ्या घेऊन लोक आल्ते. त्यांच्यातल्या कुणालाच म्हाईत नव्हतं आपण का मारून राह्यलो. मागून एक जण विचारत होता, काय झालं, काय झालं. आणि विचारता विचारताच हाणत होता." ते सायकल काढून निघून गेले. रफिकभाई त्यांच्यामागं चालत वेशीपर्यंत गेले.

पुढच्या खेपेला दारावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. हत्यार उचलण्याआधी सांगायचं, मला या मारातून काय पाहिजे. पळवायचंय, हत्यार पाडायचंय, का जीव घ्यायचाय. आणि ज्याच्यासाठी मारतो तो बसलेला असेल, तर त्याला विचारायचं. तो नाही म्हणाला तर हात खाली. रफिकभाई कुरकुरले, यानं खेळ रटाळ होईल. झाला नाही. उलट आपण एकेका वारासाठी अर्धा-अर्धा तास बोलायला लागलो, आणि किती मारामाऱ्या बोलण्यातच विरून गेल्या.

मग माझं लग्न झालं. वाटूरच्या पुढचं गाव, घरची शेती, नवरा कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझर. दिनकर. दिसायला नीटनेटका, बोलायला मवाळ. तू दाजी दाजी करत त्याच्या मोटारसायकलचं वायरिंग करून दिलंस. त्याला दारूबिरूचं काही नव्हतं. तो आधी दाराची कडी लावायचा, मग रेडिओ मोठा करायचा, मग धुण्याचं धोपाटणं घ्यायचा. भाजी अळणी झाली म्हणून, शेजारणीशी बोलले म्हणून. कधी कशासाठीच नाही. मी पहिलं वर्षभर कुणाला बोलले नाही. नियम, चिंचोके, लिंबाखालचं पोतं, हे सगळं माझ्याच आयुष्यात घडलं होतं का, असं वाटायचं.

पंचमीला माहेरी आले. रविवारी दुपारी तू म्हणालास, "चल, कृष्णीची नाव कवाची रिकामी उभी आहे." मी आले. सर होते, रफिकभाई होते. तू गोष्ट सुरू केलीस. कृष्णी नदीकाठच्या एका घरात सापडली होती आणि दारात एक माणूस काठी घेऊन उभा होता. घर अरुंद, खिडकी नाही. तू मजेत होतास. तुला वाटलं मी आता दाराच्या चौकटीचा, काठीच्या लांबीचा काहीतरी डाव काढणार.

"कृष्णी काय करती?" तू विचारलंस.

मी म्हणाले, "खाली बसते."

"आणि?"

"डोकं झाकते."

तू चिंचोके गोळा केलेस, एकेक करून, आणि खिशात टाकलेस. रफिकभाई आणि सर उठून बाहेर लिंबाखाली गेले. तू म्हणालास, "सुने, कोण मारतंय तुला?"

मी सगळं सांगितलं. निदान तेव्हा जेवढं तोंडातून निघालं तेवढं. आणि मग मी तुझा हात धरून म्हणाले, "भाऊ, मला परत जायचं न्हाई. मला डी.एड. करायचंय. आणि कोर्टात जायचंय. तिथं उभं राहून मला सांगायचंय त्यानं काय केलं ते. पण तू काही करायचं न्हाई. मला विचारल्याशिवाय बिलकुल काही करायचं न्हाई."

"बरं," तू म्हणालास.

तू बरं म्हणाला होतास, भाऊ.

वकील तूच गाठलास. तक्रारीला तूच बरोबर आलास. माझा डी.एड.ला नंबर लागला तेव्हा बाजारातून नवी पिशवी आणलीस. मला वाटलं, झालं, आता कोर्टाच्या तारखेपर्यंत नुसतं थांबायचं. आणि एका सकाळी तू लिंबाला टेकवलेली काठी उचललीस, दुकान उघडंच टाकलंस, आणि गाडीला किक मारलीस. रफिकभाईंनी समोरून विचारलं, "कुठं चालला?" तू म्हणालास, "वाटूरला. जल्दी येतो."

वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात तो चहा पीत होता. पुढचं मला लोकांकडून कळलं, आणि सगळ्यांनी एकसारखंच सांगितलं, त्यामुळं खरं असावं. तू त्याच्यापुढं उभा राहून म्हणालास, "दाजी, उठा." तो उठला. तू उजव्या कोपरावर काठी हाणलीस. तो खाली बसला, त्यानं डोकं झाकलं, आणि तू पुन्हा तिथंच हाणलीस. मग काठी रस्त्यापलीकडं फेकून दिलीस आणि त्याच हॉटेलच्या बाकड्यावर पोलीस येईपर्यंत बसून राहिलास. पळाला नाहीस. कुणाशी बोलला नाहीस. त्याचं कोपर पुढं सरळ झालंच नाही.

जामिनावर घरी आलास तेव्हा मी दारातच उभी होते. मला तुझ्यासाठी भाकरी वाढावीशी वाटत होती आणि तुझ्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

"मला विचारलं का?" मी म्हणाले.

"तू न्हाई म्हणली असतीस."

"मंग?"

तू पायातल्या चपला काढल्यास, नीट लावून ठेवल्यास, आणि आत गेलास. आपलं या विषयावरचं बोलणं एवढंच. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण एका ताटात जेवलो आणि यापुढं एक वाक्य गेलो नाही.

कधी कधी मला तुझा अभिमान वाटायचा, हे सांगते. डी.एड.ला असताना वर्गावर पाठ घेताना मध्येच आठवायचं की माझ्यासाठी एक माणूस दुकान उघडं टाकून निघाला होता. ज्यानं आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती, आणि दुखापत काय असते हे ज्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि लगेच दुसरं आठवायचं. ज्याला एवढं कळत होतं, त्यानं कोपर निवडलं. त्याला माहीत होतं तिथं काय मोडतं. दुसऱ्या वारानं काय कायमचं जातं, हेही. यापुढं मला विचार करवायचा नाही.

तुझी केस आणि माझी केस, दोन्ही एकाच कोर्टात आल्या. तुझी भक्कम होती. फाट्यावरचे सगळे साक्षीदार. माझ्या बाजूला बंद दार आणि मोठा केलेला रेडिओ. वकिलानं आपल्याला समोर बसवून सांगितलं, "तडजोड करा. तुम्ही मागं घ्या, ते मागं घेतील. सोडचिठ्ठी मिळून जाईल. नाहीतर हा आत जाईल." तू भिंतीकडं पाहत होतास. "सुनीला जे वाटंल ते," म्हणालास. पहिल्यांदा तेव्हा मला विचारलंस.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. जे सांगायला मला तिथं यायचं होतं ते सोडून, शिकवलेलं तेवढं सांगितलं. नवऱ्यानं कधी मारलं का? नाही. कधीच? कधीच नाही. मग तक्रार का दिली? रागाच्या भरात. टाइपरायटर खडखडत होता. तू मागच्या बाकावर होतास, आईशेजारी. "कधीच नाही" म्हणताना मी तुझ्याकडं पाहिलं, आणि तू नेमकी तेव्हाच मान खाली घातलीस.

बाहेर स्टँडवर तू मला भुईमुगाच्या शेंगांचा पुडा आणून दिलास. परतीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलास. मी तुझ्या मानेकडं पाहत शेंगा फोडत राहिले.

गावाला ते पुरलं. बहिणीनं खोटंनाटं भरवलं, भोळ्या भावानं नको ते केलं, आता तीच कोर्टात कबूल झाली. तुला मुलगी द्यायला कुणी तयार होईना. आई स्थळांसाठी फिरली आणि थकली. मला कुणी तोंडावर बोललं नाही, पण हळदीकुंकवाला माझ्याशेजारची जागा रिकामी राहायची. तू दुकानामागची खोली बंद केलीस. पत्र्याचं दार पाण्यानं धुतलंस, मी पाहिलं होतं; खडूचं पांढरं पाणी उंबऱ्याखालून वाहत लिंबापर्यंत गेलं. रफिकभाई पुढं जालन्याला गेले. सर यायचे, पण नुसते बसायचे.

मला टेंभुर्णीला शाळा मिळाली ते तुझ्यासाठी बरं झालं, असं मला वाटायचं. मी दिसले नाही की तुला आठवणार नाही. दिवाळीला, उन्हाळ्यात मी येत राहिले. तू मोटरींबद्दल बोलायचास, मी मुलांबद्दल.

आणि मागच्या दिवाळीनंतर तू अचानक एसटीनं टेंभुर्णीला आलास. केस पांढरे व्हायला लागले होते. माझ्या दोन खोल्या पाहिल्यास, पंख्याचा आवाज ऐकून स्टुलावर चढलास आणि तो उतरवून दुरुस्त केलास. मग जेवण झाल्यावर खिशात हात घातलास आणि मूठ उघडलीस. चिंचोके. नवे फोडलेले.

"खेळायचं का?" तू म्हणालास. लाजलासच तू.

दोघंच खेळलो. कृष्णीचं वय मीच वाढवून घेतलं. तुझा आवाज तसाच होता. तू नदी सांगितलीस की पाणी दिसायचं. काही वेळानं माझ्या नावेवर दोन माणसं भांडायला लागली, एकानं कमरेचा कोयता काढला, आणि तू थांबलास.

"मी एक नियम केलाय," तू म्हणालास. "हत्यार निघालं की डाव संपला. कुणीच जिंकलं न्हाई. चिंचोके गोळा करायचे, घरी जायचं."

"हे काय रे?"

"मला मारामारीच नको त्याच्यात. इतके वर्षं मी काय करून राह्यलो, सुने? कोणता वार कुठं बसतो त्याचा हिशोब. काय करायचा तो हिशोब?"

"पण माणसं तर मारतातच ना, भाऊ. तू डाव संपवला म्हणून मार थांबतो का? आपण घरी गेलो, पण नावेवरच्या त्या माणसाचं काय? त्याच्या अंगात कोयता तसाच."

"मंग तुझा नियम काय?"

मी तो किती वर्षं मनात धरून होते, हे मला बोलताना कळलं. "मारणाऱ्यानं काय झालं ते सांगायचं न्हाई," मी म्हणाले. "गोष्ट सांगणाऱ्यानंही न्हाई. ज्याला मार बसला, त्यानंच सांगायचं. कुठं बसला, किती लागलं, पुढं काय मोडलेलं राह्यलं. आणि तो बोलंपर्यंत बाकीच्यांनी गप बसायचं."

तू चिंचोके बोटांनी उलटे-पालटे केलेस. मग माझ्याकडं न पाहता म्हणालास, "आणि त्यानं सांगितलंच न्हाई तर? का दुसरंच काहीतरी सांगितलं तर?"

भाऊ, तू कशाबद्दल विचारत होतास ते मला त्याच क्षणी कळलं. का मला तसं वाटलं? मी उत्तर जुळवत होते. खेळाबद्दल उत्तर द्यावं का कोर्टाबद्दल, ते ठरेना. तेवढ्यात तू उठलास. "गाडीची वेळ झाली. पुढच्या खेपेला बोलू."

पुढची खेप झाली नाही. उन्हाच्या वेळी कुणाच्या तरी विहिरीवर मोटर बसवत होतास, छातीत कळ आली, जीपमध्ये घातलं, आणि दवाखाना येण्याआधीच तू संपला होतास. सरांनी शाळेच्या फोनवर कळवलं. मी फळ्यावर बेरीज अर्धी ठेवून निघाले.

आता हे ऐक. तुला सांगायचंय ते हेच आहे.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दिनकर आला. एकटाच. अंगानं सुटलाय आता, त्याला दोन मुली आहेत म्हणे. ओसरीवर रफिकभाई बसले होते, गंगाधर सर होते, आई खांबाला टेकून होती. त्याला पाहून रफिकभाई उभेच राहिले. तो म्हणाला, "माणूस गेला. वैर संपलं. म्हणून आलो." आईनं मला चहा आणायला खुणावलं, आणि मी आणला. त्यानं डाव्या हातानं कप घेतला. उजवा मांडीवर ठेवला होता, वाकलेला.

मी आत जायला वळले होते. पण वळलेली परत फिरले. आवाज शाळेतला निघाला. "वैर कशाचं होतं ते म्हणा," मी म्हणाले.

"आता ते कशाला काढता?"

"आई बसलीय. हे दोघं बसलेत. मला दुसरं काही नको. काय केलं होतं तेवढं म्हणा."

तो कपात पाहत राहिला. मला वाटलं, उठून जाईल. सर त्याच्याकडं बघत होते. शाळेत उशिरा आलेल्या पोराकडं बघतात तसं, राग न धरता. शेवटी तो कपालाच सांगितल्यासारखं म्हणाला, "मारलं होतं मी हिला." थोड्या वेळानं, "लई मारलं होतं."

तो का बोलला, भाऊ, मला ठरवता येत नाही. तू गेलास म्हणून त्याला आता भीती राहिली नव्हती? का दोन मुली झाल्या म्हणून? का त्या मोडलेल्या हातामुळंच, आणि मग तुझी काठी कामाला आली असं म्हणायचं का? मला ते म्हणवत नाही. आणि काठी नसती, कोर्टात मी उभी राहून खरं सांगितलं असतं, तर तो तिथं काय म्हणाला असता, तेही आता कधी कळणार नाही.

आई उठली. तिनं त्याच्या हातातून अर्धा भरलेला कप काढून घेतला. "ऊठ," ती म्हणाली. "जा आता." तो गेला. रफिकभाईंनी रुमालानं तोंड पुसलं. आई कप हातात घेऊन तशीच उभी होती.

"मंग कोर्टात न्हाई का म्हणली होतीस?" तिनं मला विचारलं.

"भाऊला सोडवायला."

आईचा चेहरा मला पाहवेना. मला वाटत होतं ती सगळं जाणून गप्प आहे. ती इतकी वर्षं अर्धं जाणून गप्प होती. तिला वाटत आलं होतं की थोडंफार झालं असेल, पोरीनं वाढवून सांगितलं असेल, आणि त्यापायी पोरगा वाया गेला. ती खाली बसली. कप बाजूला ठेवला.

"आणि त्याला?" ती म्हणाली. "माझ्या लेकराला म्हाईत होतं का, तू कोर्टात खोटं बोललीस ते? का त्यालाबी वाटलं, आपण उगंच हात उचलला?"

"त्याला म्हाईत होतं, आई," मी म्हणाले.

आई इथं टेंभुर्णीला आलीय माझ्याबरोबर. रोज दिवेलागणीला एकदा तरी हेच विचारते, आणि मी हेच उत्तर देते. देताना कोर्टात तू खाली घातलेली मान आठवते, आणि इथं विचारलेला तुझा तो शेवटचा प्रश्न.

होतं ना, भाऊ?